पाठीवरचे ओझे आणि 1923 चा कायदा

पूर्वी निजामाच्या मुलुखाला भिडलेल्या आणि पावसाने वारंवार दगा दिलेल्या जामखेड तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघणारी जोडपी, फडात बांधलेली मोळी डोक्यावर तोलीत, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढतात, तेव्हा ज्या कण्यावर साखरेचा सारा व्यवहार उभा आहे त्याची दखल कायद्याने कशी घेतली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला व 1 जुलै 1924 पासून अंमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात तुटलेला हात, गमावलेला डोळा, छाटलेले बोट यांची टक्केवारी बारकाईने नमूद होती. पाठीच्या कण्याचा उल्लेख मात्र नव्हता. त्यामुळे कमाईची शक्ती किती घटली, हे वैद्यकीय दाखल्यावर अवलंबून राहिले. आणि मणका एका क्षणी न मोडता वर्षानुवर्षे झिजला असेल, तर ‘अपघात’ नेमका कोणत्या दिवशी घडला हे सांगतानाच गरिबाची फिर्याद अडखळे. ठेकेदारामार्फत लावलेल्या मजुराचे दायित्व कलम 12 ने मूळ मालकावर टाकले होते खरे, पण मुकादमाच्या आड कारखाना दिसेनासा होई.

ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर 1969 साली माथाडी कायदा झाला व नोंदलेल्या हमालास भरपाईचा हक्क मिळाला. ऊसतोड्यासही तोच न्याय हवा. कारखान्यांनी टोळीतील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव हजेरीपटावर लिहावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.