प्रस्तावना : पाड्यावरून नाक्यावर

भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. वारली, कातकरी, ठाकर कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात, ती थेट होळीला परततात. शहरातल्या आदिवासींच्या पुढारपणाच्या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी सकाळचा मजूर नाका पाहावा. घमेले-फावडे घेऊन बसलेल्यांतून मजुरी ठरवायला उठतो तो सहसा पाड्याचा कारभारी नसतो की भगत नसतो. ठेकेदाराशी हिंदीत घासाघीस करू शकणारा एखादा पोरगा असतो. त्याच पोराचे लग्न जमवायचे झाले, की शब्द चालतो तो गावच्या जाणत्यांचा.

समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1943 साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. पुढे डॉ. गोविंद गारे यांच्यासारख्या, त्याच समाजातून आलेल्या अभ्यासकांनी आतून लिहायला घेतले. तरी पुष्कळसे लेखन रानापाशीच घुटमळले. 2011 च्या जनगणनेत देशातले 10 टक्के आदिवासी शहरांत होते. हंगामी मजूर त्यांत क्वचितच धरले जातात.

शहरात आदिवासी असणे कागदावर सिद्ध करावे लागते. जमातींची यादी राज्यवार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या मर्री चंद्रशेखर राव निकालानुसार, दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्याला तिथल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही. महाराष्ट्रातल्या कुटुंबालाही जात पडताळणीसाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे पुरावे शोधावे लागतात. पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या महादेव कोळी मुलीला कुलदैवत, लग्नविधी विचारले जातात आणि ती जुन्नरच्या आजीला फोन लावते. ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. दरम्यान, आजीचे उत्तर साहेबाच्या रकान्यात बसवून देणारा नोकरदार वस्तीचा पुढारी होऊन बसलेला असतो.

म्हणून वस्तीत गेल्यावर ‘तुमचा पुढारी कोण?’ असे विचारू नये. मंडळाच्या अध्यक्षाचे नाव मिळेल आणि वही मिटेल. अडल्यावेळी उचल कोण देतो, दाखल्यासाठी कोणाकडे जाता, इथे कोणी वारले तर मयत गावी न्यायची गाडी कोण ठरवतो, असे विचारावे. नावे वेगवेगळी येतील आणि त्यांत एखादे बाईचेही निघेल, जे मंडळाच्या फलकावर नसते.