सिंहाचं डोकं, माणसाचा कोट

गेल्या शनिवारी माक्स अर्न्स्टचं 'यून समेन द बोंते' (म्हणजे 'दयाळूपणाचा एक आठवडा') चाळायला घेतलं आणि जेवायचं राहूनच गेलं. नावावर जाऊ नका. १८२ चित्रांच्या या कादंबरीत दया औषधालाही सापडत नाही. चित्रांखाली एक ओळसुद्धा नाही.

गंमत म्हणजे अर्न्स्टने यात जवळपास काहीच 'काढलेलं' नाही. १९३३ साली इटलीत तीन आठवडे मुक्कामाला असताना त्याने १९व्या शतकातल्या फ्रेंच थरारक कादंबऱ्यांमधली छापील चित्रं कापली आणि एकमेकांवर चिकटवली. आमच्या धंद्यातलं कॉपी-पेस्टच, फक्त कात्री आणि गोंद घेऊन :) सगळ्या तुकड्यांच्या रेषा एकाच जातीच्या. त्यामुळे १९३४ साली पॅरिसला पुस्तक छापून आलं तेव्हा जोड दिसेनासे झाले. सिंहाचं डोकं त्या कोटातच जन्माला आल्यासारखं वाटतं.

आता गणपती-नरसिंह बघत वाढलेल्या आपल्याला जनावराच्या डोक्याची काय भीती? पण तिथे समोर देव आहे हे आधीच ठाऊक असतं. इथे आहे दिवाणखान्यातला सद्गृहस्थ. 'रविवार' या पहिल्या भागात हे सिंहमुखी लोक गणवेश घालून, मेडल्स लावून वावरतात आणि बायकांना छळतात. आजूबाजूचं फर्निचर मात्र नीटनेटकं. मला त्या फर्निचरचीच जास्त भीती वाटली.

हा सिंह आला बेलफोरहून. १८७०-७१च्या युद्धात प्रशियाच्या वेढ्याला त्या गावाने दिलेल्या झुंजीचं स्मारक म्हणून बार्तोल्दीने (स्वातंत्र्यदेवीचा पुतळा करणारा तोच) तिथे भलामोठा सिंह घडवला. फ्रेंचांचा अभिमान! अर्न्स्ट जन्माने जर्मन, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता. मेडल्सची किंमत त्याला कळलेली होती. आणि ही कापाकापी चालली त्याच वर्षीच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला होता. हा सिंह म्हणजे हिटलर असं मी म्हणत नाही, इतकं सरळ ते नाहीच. 'बुधवार'मध्ये तर पक्ष्यांची डोकी येतात.

असो. १९३७ साली नाझींनी म्युनिकच्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात अर्न्स्टची टिंगल केली. १९३९ साली फ्रान्सने त्यालाच शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून छावणीत डांबलं. १९४१ साली तो अमेरिकेला निसटला.

मूळ कोलाजं १९३६ साली माद्रिदला दाखवली होती, त्यानंतर थेट २००८ साली व्हिएन्नात. नाक लावून बघितलं तर जोड दिसतात का, हे एकदा बघायचंय.