वाट न पाहणारी कॅश

लाइव्हजर्नल या अमेरिकी संकेतस्थळाच्या डेटाबेसला वाचकांची गर्दी झेपेनाशी झाली, तेव्हा २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने मेमकॅशडी लिहिले. अनेक सर्व्हरांवर रिकामी पडलेली मेमरी एकत्र करून सामाईक कॅश उभारायची, म्हणजे तीच माहिती डेटाबेसकडे पुन्हा पुन्हा मागावी लागत नाही. पहिली पर्लमधली आवृत्ती अनातोली व्होरोबेने सीमध्ये नव्याने लिहिली.

डिस्कची वाट पाहणे त्यामुळे टळले, पण नेटवर्कची वाट पाहणे शिल्लक राहिले. प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र थ्रेड दिला, तर बहुतेक थ्रेड नुसते ताटकळत बसतात. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधल्या ‘सिलेक्ट’ने एकाच प्रक्रियेला अनेक सॉकेटांवर लक्ष ठेवता येऊ लागले. मात्र दर वेळी सगळी यादी कर्नलपुढे ठेवावी लागे. एका यंत्रावर दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगेलने १९९९ मध्ये मांडला. फ्रीबीएसडीतील ‘केक्यू’ आणि लिनक्समधील ‘ईपोल’ यांनी फक्त तयार असलेली सॉकेटेच कळवायला सुरुवात केली. नील्स प्रोव्होसच्या लिबइव्हेंटने या साऱ्यांना एकच तोंडवळा दिला आणि मेमकॅशडी त्यावरच उभे राहिले. त्याच्या वेगाचे श्रेय मेमरीला जितके दिले जाते, तितकेच या न अडणाऱ्या रचनेलाही द्यायला हवे.

मागणाऱ्या बाजूला हीच सुधारणा सावकाश आली. सर्व्हर अडत नसला, तरी त्याला विचारणारा प्रोग्राम उत्तर येईपर्यंत खोळंबून राही. जावासाठी डस्टिन सॅलिंग्जने लिहिलेल्या स्पायमेमकॅशडीत मागणी पाठवताच पुढे येणाऱ्या उत्तराची पावती म्हणून ‘फ्युचर’ हाती पडे आणि थ्रेड पुढच्या कामाला मोकळा होई. पण त्या फ्युचरकडे लगेच उत्तर मागितले, की थ्रेड पुन्हा तिथेच थांबे. उत्तर आल्यावर काय करायचे, हे आधीच जोडून ठेवण्याची सोय जावाच्या मूळ ग्रंथालयात २०१४ मध्ये ‘कम्प्लीटेबलफ्युचर’ने आली.

साल्वातोरे सानफिलिप्पोच्या रेडिस (२००९) या दुसऱ्या कॅशने आज्ञा चालवण्याचे काम एकाच थ्रेडवर ठेवले. तिथे एक जड आज्ञा सगळ्यांना रोखून धरते. लाखो घटकांची यादी ‘डेल’ या आज्ञेने पुसली, की तेवढा वेळ बाकीचे ग्राहक तिष्ठत राहतात. म्हणून २०१७ च्या ४.० आवृत्तीत ‘अनलिंक’ आली. ती ‘की’ (नोंदीचे नाव) ताबडतोब काढते आणि मेमरी मागाहून दुसऱ्या थ्रेडवर मोकळी करते.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मेमकॅशडीच्या वापरात या न अडणाऱ्या पद्धतीचा कस लागलेला दिसतो. त्यांच्या एका लोकप्रिय पानासाठी कॅशमधून सरासरी ५२१ वेगवेगळ्या नोंदी आणाव्या लागत. एकेक आणायला अर्धा मिलिसेकंद धरला, तरी नुसते आणण्यातच पाव सेकंद जाईल. म्हणून कोणती नोंद कशावर अवलंबून आहे याचा आलेख करून सरासरी २४ की एका वेळी मागवल्या जात. सगळी उत्तरे एकदम येऊन स्विच तुंबू नयेत, यासाठी एका वेळी किती मागण्या बाहेर ठेवायच्या यावर बंधन असे. गाजलेली नोंद कॅशमधून गेली, की सगळे ग्राहक डेटाबेसवर धावत. त्यावर ‘लीज’चा उपाय निघाला: एकालाच टोकन द्यायचे आणि इतरांना जरा थांबून पुन्हा विचारायला सांगायचे. अशा कींच्या एका संचावर डेटाबेसकडे जाणाऱ्या मागण्यांचा उच्चांक सेकंदाला १७,००० वरून १,३०० पर्यंत उतरला.