महासागरातील विरघळलेला कार्बन व सागरी अभिसरण : एका संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

महासागरात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनचा साठा सुमारे ३८,००० अब्ज टन मानला जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणातील कार्बन सुमारे ५९० अब्ज टन होता. म्हणजे सागराचा साठा त्याच्या साठपटीहून अधिक ठरतो. एवढे प्रचंड भांडार असता मानवाने जाळलेल्या कोळशाचा वायू सागर सहज पचवील, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांत दृढ होता. तो का व कसा ढासळला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खोल पाण्याचे कोडे

इ. स. १७५१ मध्ये हेन्री एलिस या गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाने अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात सुमारे १,६०० मीटर खोलीवरून पाणी वर काढले. ते इतके थंड निघाले, की त्याचा उपयोग खलाशांनी मद्य गार करण्यासाठी केला. या थंडाव्याचा अर्थ काउंट रम्फर्ड याने शतकाच्या अखेरीस लावला : ध्रुवीय प्रदेशात थंड व जड झालेले पाणी तळाशी बसते आणि तेथून विषुववृत्ताकडे सरकते. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो. त्यामुळे बुडणारे पाणी आपल्याबरोबर कार्बनही खाली नेते. पृष्ठभागावरील वनस्पती-प्लवकांचे अवशेष खाली जाऊन कुजतात आणि या साठ्यात आणखी भर घालतात. मात्र या दोन प्रक्रियांची सांगड घालून कार्बनचा हिशेब मांडण्यास जवळजवळ दोन शतके लागली.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनियस याने मानवनिर्मित कार्बन डाय-ऑक्साइडचा पाच-षष्ठांश भाग सागर शोषून घेईल, असे मानले होते. ब्रिटिश अभियंता गाय कॅलेंडर याने १९३८ मध्ये वेगळा सूर लावला. खोल पाणी पृष्ठभागाशी येण्यास फार मोठा काळ लागतो, तेव्हा वायू हवेतच साचत असला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. हवामानशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाचे हे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही.

रेव्हेल-स्यूस निबंध

निर्णायक वळण १९५७ मध्ये आले. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी ‘टेलस’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोळसा व खनिज तेल यांत कार्बन-१४ हा समस्थानिक उरलेला नसतो. त्यामुळे त्यांच्या ज्वलनाने वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण किती पातळ झाले, हे मोजून वायू हवेत किती काळ राहतो याचा अंदाज करता येतो. हे उत्तर सुमारे दहा वर्षे आले. यावरून बहुतेक वायू सागरात गेला असावा, असा दिलासादायक निष्कर्ष निघत होता, आणि निबंधात तो तसा नोंदलाही गेला.

परंतु त्याच निबंधात एक परिच्छेद नंतर घातलेला आहे; मूळ टंकलिखितावर तो निराळ्या कागदावर लिहून चिकटवला होता, असे इतिहासकार स्पेन्सर वर्ट यांनी दाखवून दिले आहे. रेव्हेल यांनी विद्यार्थिदशेतच सागरजलाच्या उभयप्रतिरोधी गुणधर्माचा अभ्यास केला होता. सागरात शिरणाऱ्या वायूचा मोठा भाग कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट बनतो. कार्बोनेटचा साठा मर्यादित असल्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड १० टक्के वाढला, तरी पृष्ठजलातील एकूण कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो. पाण्यात शिरलेल्या वायूचा बराच भाग परत हवेत येतो. पुढे हे गुणोत्तर ‘रेव्हेल घटक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. खुद्द लेखकांनी या मुद्द्याचे पूर्ण महत्त्व ओळखले होते असे निबंधावरून वाटत नाही. दोन परस्परविरोधी सूर त्यात शेजारी शेजारी नांदतात. बर्ट बोलिन व एरिक एरिक्सन यांनी १९५९ मध्ये अभिसरणाचा संथपणा हिशेबात धरून तो विरोध मिटवला, आणि शतकाच्या अखेरीस हवेतील वायू सुमारे २५ टक्क्यांनी वाढेल असे भाकीत केले. ते बरेचसे खरे ठरले.

मोजमापाचा काळ

त्यानंतर गरज होती प्रत्यक्ष नमुन्यांची. १९७२ ते १९७८ या काळातील ‘जिओसेक्स’ मोहिमांनी अणुचाचण्यांतून पसरलेल्या ट्रिटियम व कार्बन-१४ यांचा माग काढला. नवे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये खोलवर उतरते आणि सर्वांत जुने पाणी उत्तर पॅसिफिकच्या खोलीत सापडते, हे त्यावरून स्पष्ट झाले. १९९० च्या दशकातील ९५ सफरींच्या नोंदींवरून ख्रिस्तोफर सेबाइन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकूण आकडा मांडला. १८०० ते १९९४ या काळात सागराने मानवनिर्मित कार्बनपैकी सुमारे ११८ अब्ज टन घेतला होता. त्यात अधिक-उणे १९ अब्ज टनांची अनिश्चितता होती. यांपैकी जवळपास निम्मा कार्बन वरच्या ४०० मीटरमध्येच होता. दीड-दोन शतकांत तळ गाठणे संथ अभिसरणाला शक्यच नव्हते.

अरबी समुद्राचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) संशोधकांनी १९९४ ते १९९७ दरम्यान ‘सागर कन्या’ जहाजावरून घेतलेल्या मोजमापांत हा समुद्र वर्षभर हवेला कार्बन डाय-ऑक्साइड देतो, असे आढळले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे कार्बनसंपृक्त पाणी वर येते; हिवाळ्यात उत्तर भागातील थंड वाऱ्यांनी होणारे मिश्रणही तेच करते. सागर म्हणजे केवळ शोषक नव्हे, हे येथे किनाऱ्याजवळच दिसते.

हीच प्रक्रिया दक्षिण महासागरात फार मोठ्या प्रमाणावर चालते. मानवनिर्मित कार्बनच्या सागरी शोषणापैकी सुमारे ४० टक्के शोषण ३० अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या पलीकडे होते, असा प्रतिमानांचा निष्कर्ष आहे. तेथील वारे वाढून जुना कार्बन वर येऊ लागल्याने शोषण मंदावले आहे, असे कोरिन ल केरे व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडले. पीटर लांडशुट्झर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, की २००२ च्या सुमारापासून ते पुन्हा जोमाने वाढले होते. अवघ्या काही वर्षांत असा हेलकावा येत असेल, तर दोन-तीन दशकांच्या नोंदींवरून नैसर्गिक चढउतार कोणता आणि मानवाने घडवलेला बदल कोणता, हे वेगळे काढणे अवघड होते. म्हणूनच बर्फाळ हिवाळ्यात, जेथे जहाजे क्वचितच जातात, तेथे आता स्वयंचलित तरंगक सोडून पाण्याची आम्लता मोजली जात आहे.