शिकागो मरून्स

शिकागो मरून्स हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो विद्यापीठाच्या क्रीडासंघांचे सामायिक नाव आहे. विद्यापीठाने इ.स. १८९४ मध्ये स्वीकारलेल्या गडद तांबूस, म्हणजेच मरून रंगावरून हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत हे विद्यापीठ अमेरिकन फुटबॉलमधील अग्रगण्य केंद्रांपैकी एक होते. इ.स. १९३९ मध्ये मात्र त्याने हा खेळ आंतरविद्यापीठीय पातळीवर खेळणे स्वतःहून बंद केले. विद्यापीठाचे मूळ कार्य ज्ञानसाधना असेल, तर प्रेक्षकांची गर्दी, तिकिटांचे उत्पन्न आणि विजयाचा जल्लोष यांना तेथे कितपत स्थान असावे, या अमेरिकेतील जुन्या वादात शिकागोचे उदाहरण आजही दिले जाते.

या लेखात ‘फुटबॉल’ हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळासाठी ‘सॉकर’ हा शब्द योजला आहे.

स्थापना आणि स्टॅग यांचा काळ

जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून इ.स. १८९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे अध्यापन इ.स. १८९२ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे विद्वान होते. नव्या संस्थेचे नाव देशभर पोहोचवण्यास खेळ उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी येल विद्यापीठातील आपले माजी विद्यार्थी एमॉस अलोन्झो स्टॅग यांना पहिल्याच वर्षी शिकागोला आणले. स्टॅग यांची नेमणूक केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हती. शारीरिक शिक्षण व क्रीडा विभागाचे प्रमुख म्हणून त्यांना अध्यापकवर्गात कायमचे पद मिळाले. त्या काळी ही गोष्ट नवीन होती.

इ.स. १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन क्रीडास्पर्धांच्या नियमनासाठी एक संघटना स्थापन केली. पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या संघटनेचे शिकागो हे संस्थापक सदस्य होते. स्टॅग यांच्या कारकिर्दीत शिकागोने तिचे फुटबॉल विजेतेपद सात वेळा मिळवले. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागोने मिशिगन विद्यापीठाचा २-० असा निसटता पराभव केला. सलग ५६ सामन्यांत अपराजित राहिलेल्या मिशिगनची मालिका त्या दिवशी खंडित झाली.

इ.स. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा भाग असलेला ‘मिडवे प्लेझन्स’ हा लांबट हरितपट्टा विद्यापीठाच्या परिसरातून जातो. त्यावरून शिकागोच्या संघाला ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’, म्हणजे मिडवेचे राक्षस, असे टोपणनाव मिळाले. विद्यापीठाचा फुटबॉल बंद झाल्यावर हे नाव शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. आज बहुतेक अमेरिकन प्रेक्षक ते त्याच संघाचे मानतात.

ऱ्हास

इ.स. १९२४ नंतर शिकागोला बिग टेनचे फुटबॉल विजेतेपद मिळाले नाही. त्यामागील मुख्य कारणे संस्थेच्या रचनेत होती. शेजारची राज्य विद्यापीठे विद्यार्थिसंख्येने झपाट्याने वाढत होती. त्यांच्याकडे शारीरिक शिक्षणाचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम असल्यामुळे खेळाडूंना तेथे प्रवेश घेणे सोयीचे होते. शिकागोत असा अभ्यासक्रम नव्हता. इ.स. १९३१ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत तर पदवीपूर्व विद्यार्थ्यांना व्यापक स्वरूपाच्या सर्वसाधारण परीक्षा द्याव्या लागत आणि त्यांतून खेळाडूंना वेगळी वाट नव्हती.

इ.स. १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे वयाच्या तिसाव्या वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कार्यकाळात वयाची सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना निवृत्त व्हावे लागले. इ.स. १९३२ चा हंगाम त्यांचा शिकागोतील शेवटचा ठरला. त्यानंतर ते कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक येथे प्रशिक्षक झाले. शिकागोत त्यांची जागा क्लार्क शॉनेसी यांनी घेतली.

या उतरत्या काळातही शिकागोने एक असामान्य खेळाडू घडवला. जे बर्वँगर यांना इ.स. १९३५ मध्ये, पुढे हाइझमन करंडक या नावाने ओळखल्या गेलेल्या सन्मानाचे पहिले मानकरी होण्याचा मान मिळाला. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूला हा करंडक दिला जातो. इ.स. १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी प्रथमच खेळाडूंची निवडप्रक्रिया घेतली आणि तीत सर्वांत आधी बर्वँगर यांचेच नाव पुकारले गेले. मात्र ते व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत.

इ.स. १९३९ चा निर्णय

डिसेंबर १९३८ मध्ये हचिन्स यांनी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात महाविद्यालयीन फुटबॉलच्या व्यापारीकरणावर टीका करणारा लेख लिहिला. तिकिटांच्या उत्पन्नाच्या मोहामुळे विद्यापीठ कशासाठी आहे याविषयी समाजाचा गैरसमज होतो, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. उपाय म्हणून प्रवेशशुल्क दहा सेंटवर आणावे आणि प्रशिक्षकांना अध्यापकांसारखी सेवाशाश्वती द्यावी, असे त्यांनी सुचवले.

पुढच्या हंगामात शिकागोने आठपैकी सहा सामने गमावले. हार्वर्डविरुद्ध ०-६१, मिशिगनविरुद्ध ०-८५, व्हर्जिनियाविरुद्ध ०-४७, ओहायो स्टेटविरुद्ध ०-६१ आणि इलिनॉयविरुद्ध ०-४६ असे निकाल लागले. बिग टेनमधील तिन्ही सामन्यांत संघाला एकही गुण मिळवता आला नाही. २१ डिसेंबर १९३९ रोजी विश्वस्त मंडळाने आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

या निर्णयाने विद्यापीठातील सर्व खेळ बंद झाले असा समज आढळतो, परंतु तो बरोबर नाही. बास्केटबॉल, ॲथलेटिक्स, पोहणे आदी खेळांचे संघ चालू राहिले. बिग टेनचे सदस्यत्वही इ.स. १९४६ पर्यंत टिकले. संघ बंद झाल्यावर शॉनेसी स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅनफर्डचा संघ पहिल्याच हंगामात अपराजित राहिला आणि त्याने १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोल जिंकला. शिकागोच्या पराभवांचे मूळ केवळ प्रशिक्षणात नव्हते, हे त्यावरून दिसून आले.

स्टॅग फील्ड

सुमारे ५०,००० प्रेक्षकांची सोय असलेले स्टॅग फील्ड हे क्रीडांगण फुटबॉल बंद झाल्यावर मोठ्या प्रमाणावर ओस पडले. त्याच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली स्क्वॅशसारख्या खेळासाठी बांधलेल्या बंदिस्त जागेत एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ‘शिकागो पाइल-१’ ही अणुभट्टी उभारली. २ डिसेंबर १९४२ रोजी तेथे मानवनिर्मित, नियंत्रित व स्वयंपोषी अशी जगातील पहिली अणुविभाजन साखळी प्रक्रिया घडून आली.

पश्चिमेकडील प्रेक्षागार इ.स. १९५७ मध्ये पाडण्यात आले. घटनेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, इ.स. १९६७ मध्ये, त्या जागी हेन्री मूर यांच्या ‘न्यूक्लिअर एनर्जी’ या शिल्पाचे अनावरण झाले. जुन्या मैदानाच्या जागेवर इ.स. १९७० मध्ये रेगेनस्टाइन ग्रंथालय सुरू झाले. फुटबॉलच्या मैदानावर ग्रंथालय उभे राहिल्याचा उल्लेख विद्यापीठाच्या स्वभावाचे उदाहरण म्हणून वारंवार केला जातो. स्टॅग यांचे नाव आता परिसरातील दुसऱ्या, बऱ्याच लहान मैदानाला दिलेले आहे.

विद्यापीठाच्या वादकपथकासाठी इ.स. १९२२ मध्ये बनवलेला ‘बिग बर्था’ हा प्रचंड ढोलही फुटबॉलबरोबर निरुपयोगी झाला. इ.स. १९५५ मध्ये तो टेक्सास विद्यापीठाच्या पथकाकडे गेला.

पुनरागमन

इ.स. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात फुटबॉल प्रथम शारीरिक शिक्षणाचा वर्ग म्हणून आणि नंतर क्लबच्या स्वरूपात परतला. त्याला विरोध झाला तो विद्यार्थ्यांकडूनच. इ.स. १९६३ मध्ये नॉर्थ सेंट्रल कॉलेजविरुद्धच्या सामन्याच्या वेळी विद्यार्थ्यांनी मैदानात बसून खेळ रोखून धरला. फुटबॉलबरोबर जुने व्यापारीकरणही परत येईल, अशी त्यांची भीती होती. अखेर इ.स. १९६९ मध्ये फुटबॉलला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा पुन्हा मिळाला.

सध्या शिकागोचे संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तृतीय श्रेणीत खेळतात. या श्रेणीत केवळ खेळातील कौशल्यासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. या श्रेणीच्या फुटबॉल अंतिम सामन्याला स्टॅग यांचेच नाव आहे. इ.स. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशनचे शिकागो हे संस्थापक सदस्य आहे. एमरी, कार्नेगी मेलन, न्यू यॉर्क विद्यापीठ, सेंट लुईसमधील वॉशिंग्टन विद्यापीठ अशा संशोधनप्रधान संस्था तिच्या सदस्य आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये शिकागोच्या पुरुष सॉकर संघाने विल्यम्स कॉलेजचा २-० असा पराभव करून तृतीय श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. संघाच्या प्रशिक्षक ज्युलिअन सिच या पुरुषांच्या सॉकर संघाला राष्ट्रीय संघटनेचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

विद्यार्थिजीवन आणि विद्यापीठाभिमान

मोठ्या सामन्यांच्या अभावी शिकागोतील विद्यापीठाभिमानाने वेगळे रूप घेतले. ग्रीक इतिहासातील नावे आणि सल्फ्युरिक आम्लाचे रासायनिक सूत्र गुंफलेल्या विनोदी घोषणा तेथे प्रसिद्ध आहेत. अभ्यासाच्या ओझ्यावरून स्वतःचीच थट्टा करणारे मजकूर विद्यार्थी टी-शर्टवर छापून घेतात.

इ.स. १९८७ पासून दर वसंत ऋतूत ‘स्कॅव्ह’ ही वस्तुशोध स्पर्धा होते. वसतिगृहांचे व विद्यार्थ्यांचे संघ शेकडो चमत्कारिक वस्तू व कृतींची यादी पूर्ण करण्यासाठी चार दिवस झटतात. इ.स. १९९९ च्या स्पर्धेत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक छोटी अणुभट्टीही तयार केली होती.

हिवाळ्यातील ‘कुव्हिया’ हा उपक्रम समाजशास्त्रज्ञ व तत्कालीन अधिष्ठाता डॉनल्ड लेव्हाइन यांनी इ.स. १९८३ मध्ये सुरू केला. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत आठवडाभर विद्यार्थी पहाटे व्यायामासाठी जमतात आणि त्यात सूर्यनमस्कारही घालतात. शेवटच्या दिवशी मिशिगन सरोवराच्या काठावरील प्रोमोंटरी पॉइंट येथे उगवत्या सूर्याला सामोरे जाऊन नमस्कार घालण्याची प्रथा आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या व्यायामप्रकाराचा हिरिरीने प्रसार केला, तो या उपक्रमामुळे शिकागोच्या परंपरेचा भाग झाला आहे. कुव्हियात गुण, तिकिटे किंवा प्रतिस्पर्धी संघ नसतात. सहभागी होणारे सर्वच खेळाडू असतात.