सणाचे केळे रोजचे कसे झाले

आमच्या चिटणीसबाईंनी "यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच" असा आग्रह धरला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. संध्याकाळी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकासमोर केळ्यांच्या हातगाडीभोवती जमलेली गर्दी पाहिली आणि विषय सापडला. डझनभर केळी पिशवीत टाकून आपण घरी जातो. पण हे फळ आपल्याकडे रोजचे होऊन फार काळ लोटलेला नाही, हे ध्यानातही येत नाही.

माझे माहेर करमाळा तालुक्यातले. माझ्या लहानपणी घरात केळे येई ते सत्यनारायणाच्या प्रसादापुरते, नाहीतर कोणी आजारी पडले म्हणजे. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडावयास जात असे. त्या वर्षी कोणाच्या तरी पूजेतून तिने एक केळे पदरात बांधून आणले आणि विळीवर त्याचे चार तुकडे केले. आम्ही भावंडे चार होतो. तिने काय खाल्ले हे विचारण्याचे त्या वेळी सुचले नाही.

केळीचा जुना मान आपल्या राज्यात जळगावचा आणि वसईचा. तापीकाठच्या रावेर-यावल भागातील बागा प्रसिद्धच आहेत. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वसईकडे पिकलेले राजेळी केळे सोलून उन्हात वाळवतात, त्याची सुकेळी होतात. आपल्या कोरड्या मुलखात मात्र एवढे पाणी होते कुठे?

ते आले १९८० साली भीमेवरील उजनी धरण पुरे झाल्यावर. आमचे गाव पाण्याखाली गेले. आई दुसऱ्या गावी नांदली, पण उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या देवळाचे जोते दिसते का, हे ती हटकून विचारी. त्याच पाण्यावर काठच्या रानांत ऊस आला आणि मागाहून केळी. ठिबकच्या नळ्या आणि प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे यांनी बागा पसरल्या. हल्ली कंदर भागातील केळी हिरवी असतानाच उतरवून, धुऊन, खोक्यांत भरून आखाती देशांत जातात. ज्या फळाचे आम्ही चार तुकडे केले ते आता आमच्याच तालुक्यातून जहाजात चढते, याची मला मोठी मौज वाटते. आणि कुठेतरी टोचतेही.

शेतकरी ज्याला जी-नाईन म्हणतात ते हे केळे कॅव्हेंडिश घराण्यातले. हे नाव इंग्लंडातील एका सरदार घराण्याचे. त्यांच्या काचघरात ही केळ १८३५ च्या सुमारास फुलली होती. केळीची लागवड न्यू गिनीत सुमारे ७००० वर्षांपूर्वी सुरू झाली होती असे संशोधक सांगतात. रानकेळ्यांत टणक बिया असतात. आपल्या केळ्यांत बी नाही, म्हणून बुडाशी फुटणारे मुनवे काढून लावावयाचे. त्यामुळे सारी बाग म्हणजे एकाच झाडाची नक्कल. एक रोग आला की सगळ्यांना लागतो. १९६० च्या सुमारास पनामा रोगाने ग्रो मिशेल ही परदेशी बाजारातील मोठी जात बसवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला असून तो भारतातही आढळला आहे.

म्हणून मला वेलची, राजेळी, लाल केळे यांची काळजी वाटते. गिऱ्हाईकच नसेल तर शेतकऱ्याने ती लावावीत कशाला? गेल्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम पुण्याहून वेलची केळी आणली. एका मैत्रिणीने हातात घेऊन विचारले, "अहो, ही कोवळीच उतरवली की काय?" खाल्ल्यावर तिने आणखी दोन मागून घेतली. हातगाडीवाल्याला मी सांगून ठेवले आहे. तो म्हणतो, चार घरांनी मागितली तर आणतो.