कीडनाशक अवशेष व बीटी प्रथिन ओळखणाऱ्या चिप: वापर आणि मर्यादा

विकर म्हणजे एन्झाइम. बहुतेक विकरे ही प्रथिनेच असतात. कागदाच्या किंवा काचेच्या लहानशा तुकड्यावर नमुन्याचे दोन-तीन थेंब टाकून विकराचे काम चालू आहे की बंद पडले, किंवा ठरावीक प्रथिन नमुन्यात आहे की नाही, हे ओळखता येते. अशा तुकड्याला चिप म्हणतात. प्रयोगशाळेतील चिपवर शेकडो ठिपके असतात आणि एकाच वेळी अनेक प्रथिने तपासली जातात. शेतावर वापरायची कार्डे व पट्ट्या ही त्याच तत्त्वावरची साधी साधने आहेत.

१) अवशेष तपासणीचे विकर कार्ड

कीटकांच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेत अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर असते. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटातील कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. फवारणी करणाऱ्याला विषबाधा होते तीही यामुळेच.

कार्डावर एका बाजूला हे विकर आणि दुसऱ्या बाजूला रंग तयार करणारे रसायन असते. विकर काम करत असेल तर निळा रंग येतो. अवशेषांमुळे ते बंद पडले असेल तर कार्ड पांढरे राहते.

वापरण्याची पद्धत:
• भाजी किंवा फळाचा नमुना किटमधील द्रावणात हलवून अर्क घ्यावा.
• विकराच्या बाजूवर अर्काचे थेंब टाकून सुमारे १० मिनिटे ठेवावे. नंतर कार्ड दुमडून सुमारे ३ मिनिटे दाबून धरावे. नेमकी वेळ किटवरील सूचनेप्रमाणे पाळावी.
• दुसऱ्या कार्डावर फक्त द्रावण टाकून तुलना करावी. तेही निळे झाले नाही, तर कार्डे खराब आहेत असे समजावे.
• थंडीत विकराचे काम मंदावते. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे.
• कांदा, लसूण, मुळा यांच्या रसाने निकाल चुकू शकतो. असा माल न चिरता अख्खा द्रावणात बुडवावा.

निळा रंग म्हणजे माल अवशेषमुक्त नव्हे

इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन तसेच मँकोझेबसारखी बुरशीनाशके हे विकर रोखत नाहीत, म्हणून कार्डाला ती दिसत नाहीत. क्लोरपायरीफॉस शरीरात ‘ऑक्सॉन’ रूपात बदलल्यावरच विकराला जोरात रोखते. साध्या कार्डावर हा बदल होत नाही, त्यामुळे प्रतिसाद कमी मिळतो. शिवाय युरोपीय संघात वेगळी मर्यादा न ठरलेल्या कीडनाशकासाठी किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. इतके सूक्ष्म प्रमाण कार्डावर खात्रीने कळत नाही.

म्हणून निर्यातीच्या द्राक्षाचा निर्णय कार्डावर घेऊ नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालच ग्राह्य धरावा. कार्ड पांढरे राहिले तर तोडणी थांबवावी आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कार्ड निळे झाले तरी लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळावाच.

२) कपाशीची प्रथिन पट्टी

या पट्टीवर विकर नसते. ठरावीक प्रथिन पकडणारी प्रतिपिंडे असतात. बियाणे किंवा पानाचा अर्क पट्टीवर चढतो. दोन रेषा आल्या तर ते प्रथिन आहे, फक्त नियंत्रण रेषा आली तर नाही. नियंत्रण रेषाच आली नाही तर चाचणी बाद समजून पुन्हा करावी.

भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीत क्राय१एसी प्रथिन होते. २००६ पासून आलेल्या दुसऱ्या पिढीत क्राय२एबीही आहे. दोन्हींसाठी वेगळी चाचणी रेषा लागते. तणनाशक सहनशील कपाशीत सीपी४ ईपीएसपीएस हे विकर असते आणि ते क्राय१एसीच्या पट्टीवर कळत नाही. या कपाशीला भारतात मान्यता नाही. त्यामुळे बीटीची पट्टी बरोबर आली म्हणून बियाणे अधिकृत आहे असे ठरत नाही. उगवणक्षमता आणि संकराची शुद्धताही या पट्टीवर समजत नाही.

तपासणी एकेका बियाण्याची स्वतंत्र करावी. अनेक बिया एकत्र वाटल्या तर त्यातील मोजक्या बीटी बियांमुळेही रेषा येते आणि भेसळ लपते. खरेदीची पावती, पिशवी, लेबल आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रारीच्या वेळी पट्टीपेक्षा हाच पुरावा उपयोगी पडतो.